आग विझवलेलं पाणी कुठे जातं? अग्निशमनाच्या प्रशिक्षणात पर्यावरण शिकवायचं म्हणजे काय

१० जानेवारी २०२३ रोजी गोव्यात, बार्देशातल्या पिळर्ण औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्याला आग लागली. धुराचे काळे लोट दूरवरून दिसत होते, आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली आणि आग आटोक्यात आणायला जवानांना रात्रभर झुंजावं लागलं. सगळ्यांचे डोळे ज्वाळांकडे आणि धुराकडे लागले होते, आणि ते साहजिक होतं. पण अशा आगीत आणखी एक गोष्ट जमिनीवरून मुकाट्याने निघालेली असते, ती म्हणजे विझवण्यासाठी मारलेलं पाणी. त्यातलं काही वाफ होऊन जातं. उरलेलं पाणी द्रावकं, रंगद्रव्यं आणि काजळी सोबत घेऊन उताराला लागतं.

हे पाणी पुढे कुठे जातं, हा प्रश्न जवानाला भरतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच पडला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. प्रशिक्षणात पर्यावरण आणायचं म्हटलं की एखादं व्याख्यान आणि केंद्राच्या आवारात झाडं लावणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. त्याने हाताच्या सवयी बदलत नाहीत. नोझल कसं धरायचं, फोम कधी काढायचा, गटाराचं तोंड कुणी बंद करायचं, सरावासाठी काय जाळायचं, हे सगळे पर्यावरणाचेच धडे आहेत आणि ते कवायतीच्या मैदानावरच शिकवले जायला हवेत. यात माणसाचा जीव वाचवणं पहिलं, हा क्रम कुठेही बदलत नाही. कुणी आत अडकलं असेल तर लागेल तेवढं पाणी मारायचं, वाट्टेल तो दरवाजा फोडायचा. प्रश्न येतो तो माणसं बाहेर आल्यानंतर.

पाण्याचा हिशेब

पाण्याचा साधा बंब सुमारे ४,५०० लिटर पाणी घेऊन निघतो. एका नोझलमधून मिनिटाला ४५० लिटर जातात असं धरलं तर टाकी दहा मिनिटांत रिकामी. अशी चार नोझलं तासभर चालली तर १,०८,००० लिटर पाणी होतं. ते साठवायला १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि मीटरभराहून थोडा जास्त खोल खड्डा लागेल. मोठ्या कारखान्याच्या आगीत नोझलंही जास्त असतात आणि तासही.

म्हणून पहिला धडा कमी पाण्यात आग विझवण्याचा. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,७०० पट फुगतं, आणि वाफ होतानाच ते सगळ्यात जास्त उष्णता शोषून घेतं. म्हणजे जो थेंब वाफ झाला त्याने आपलं काम पुरं केलं. जो जमिनीवरून वाहून गेला त्याने त्यातलं थोडंच केलं, वर विष उचलून नेलं. बारीक तुषार कुठे मारायचा, जाड धार कुठे लागते, नोझल थोडा वेळ उघडून बंद कधी करायचं, हे हाताला जमलं की पाणी वाचतं आणि आगही लवकर आटोक्यात येते. चांगलं अग्निशमन आणि पर्यावरण यांची वाट इथे एकच आहे.

दुसरा धडा पाणी अडवण्याचा. वाळूच्या गोण्या, ओली माती, गटारावर टाकायचं रबरी झाकण, जवळ असेल तो जेसीबी यांच्या मदतीने उताराच्या तोंडाशी बांध घालायचा. गोव्यात इथे एक गोष्ट वेगळी आहे. आपली बरीचशी जमीन जांभ्याची, आणि जांभा सच्छिद्र असतो. त्यात नुसता खड्डा खणून काळं पाणी साठवलं तर ते हळूहळू जिरून खालच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या विहिरीत उतरू शकतं. खड्ड्यात आधी जाड ताडपत्री किंवा प्लास्टिक अंथरायचं, मगच पाणी वळवायचं. दुसरीकडे छापलेल्या पुस्तकात हा तपशील सापडेलच असं नाही, कारण ते पुस्तक जांभ्यावर बसून लिहिलेलं नसतं.

हे सगळं जगाने फार महागात शिकून घेतलं आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझली, पण विझवायला वापरलेल्या एक ते दीड कोटी लिटर पाण्यासोबत सुमारे ३० टन कीटकनाशकं आणि इतर रसायनं ऱ्हाइन नदीत गेली. तिथल्या रंगामुळे नदी लाल झाली आणि शेकडो किलोमीटर खालपर्यंत वाम मासे मेले. गोदामाजवळ एवढं पाणी साठवायची सोय नव्हती. विझवणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं, तरीही नदी मेली. म्हणून या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा वळतो.

पुढच्याच वर्षी, मे १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन शहरात रंगाच्या एका मोठ्या गोदामाला आग लागली. ते गोदाम शहराला पिण्याचं पाणी देणाऱ्या भूजलाच्या साठ्यावर उभं होतं. तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारपूर्वक पाणी थांबवलं आणि गोदाम जळू दिलं. हवेत धूर गेला, पण विहिरींचं पाणी बऱ्याच अंशी वाचलं. "जळू देणं" हाही अग्निशमनाचा एक निर्णय असू शकतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. जवानाच्या अंगात जे बाणवलेलं असतं त्याच्या नेमकं उलट आहे ते. म्हणूनच त्याचा सराव आधी हवा.

गोव्यात हा निर्णय आणखी अवघड आहे. आपल्या औद्योगिक वसाहतींच्या कुंपणाला लागून वाडे आहेत, शाळा आहेत. गोदाम जळू दिलं तर धूर त्या घरांत शिरणार, पाणी मारलं तर विष व्हाळात, म्हणजे ओढ्यात उतरणार. दोन्हींतलं कमी वाईट कोणतं, हे वाऱ्याच्या दिशेवर, आत काय साठवलंय त्यावर आणि उतार कुठे जातो त्यावर ठरतं. भर आगीत, सायरनच्या आवाजात हे ठरवता येत नाही. प्रशिक्षण केंद्रात टेबलावर नकाशा पसरून, वारा बदलत, माल बदलत हाच पेच दहादा सोडवला, तर अकराव्या वेळी प्रत्यक्ष जागी काहीतरी सुचेल.

वायूगळतीत पेच आणखी वेगळा असतो. जानेवारी २०१८ मध्ये वास्कोजवळ चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला आणि जवळच्या लोकांना रातोरात हलवावं लागलं. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून त्याच्या ढगावर पाण्याचा पडदा धरतात. त्याने श्वास घेण्याजोगी हवा राखता येते. मात्र खाली पडणारं पाणी आता अमोनियाचं तीव्र द्रावण असतं, आणि मासळीला ते थोडंसुद्धा सोसत नाही. पडदा धरायचाच, माणसं तिथे आहेत. पण पडदा धरणाऱ्याच्या मागे दुसऱ्या कुणीतरी गटार बांधून घेत असायला हवं. प्रशिक्षणात ही दोन कामं एकाच आदेशात दिली गेली पाहिजेत.

आणि आपली खाजनं. मांडवी, जुवारी, साळ या नद्यांच्या काठी शेकडो वर्षं बांध घालून राखलेली ही शेतं मानशींच्या आधारावर उभी आहेत. ओहोटीला मानशीचं दार उघडून आतलं पाणी नदीत जातं, भरतीला दार बंद होऊन खारं पाणी बाहेर राहतं. खाजनाच्या वरच्या अंगाला आग लागली आणि दूषित पाणी शेताकडे वळलं, तर ओहोटी लागण्याआधी मानस अडवता येते. तेवढ्याने विष निदान नदीतल्या तिसऱ्या-खुबे अशा शिंपल्यांपर्यंत पोचत नाही. पण मग ते शेतात उरतं, म्हणजे हाही निर्णय शेतकऱ्यांशी बोलूनच घ्यावा लागेल. त्यासाठी प्रत्येक अग्निशमन केंद्राकडे दोन गोष्टी हव्यात: भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि मानस राखणाऱ्या माणसाचा फोन नंबर. यंत्रसामग्रीच्या यादीत या दोन्हींना फुटक्या कवडीचाही खर्च येत नाही.

फोमचं प्रकरण

पेट्रोल, डिझेल, नाफ्ता पाण्यापेक्षा हलके. त्यांच्यावर पाणी मारलं की ते पाण्यावर तरंगत आग घेऊन पसरतात. तिथे फोम लागतो. दुधावर साय धरावी तसा फोम इंधनावर पसरतो, वाफा दाबून ठेवतो आणि हवा तोडतो. १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधनातून एएफएफएफ नावाचा फोम पुढे आला. त्यात फ्लोरिन असलेली रसायनं असतात, त्यांच्यामुळे इंधनावर पातळ, चिवट पापुद्रा क्षणात पसरतो. काम अप्रतिम करतो, यात वाद नाही.

त्याचा दोष त्याच्या गुणातच आहे. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका पक्का की ऊन, पाऊस, जिवाणू कुणालाच तो सहजी तुटत नाही. पीएफएएस या नावाने ओळखली जाणारी ही रसायनं मातीतून भूजलात, तिथून पिण्याच्या पाण्यात आणि माणसाच्या रक्तात पोचतात. निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात यांपैकी पीएफओएस २००९ मध्ये, पीएफओए २०१९ मध्ये आणि पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये घातक म्हणून घेतलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

परदेशांत अशा प्रदूषणाच्या अनेक जागा शोधल्या गेल्या, तेव्हा खऱ्या आगींच्या ठिकाणांइतकीच सरावाची मैदानंही पुढे आली. हे नीट लक्षात घ्यावं असं आहे. खरी आग वर्षातून एखादी लागते. विमानतळावर किंवा इंधनाच्या टाक्यांपाशी फोमचा सराव मात्र नेमाने, त्याच जागी, वर्षानुवर्षं होतो. म्हणून सरावात फ्लोरिनवाला फोम अजिबात वापरू नये, त्यासाठी मिळणारा साधा सराव-फोम वापरावा, आणि मैदानाखाली पाणी गोळा करणारी पक्की फरशी असावी. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, मुरगावला बंदर आहे. २०१९ मध्ये दोना पावलाजवळ 'नु शी नलिनी' हे जहाज दोन हजार टनांहून जास्त नाफ्ता घेऊन खडकावर अडकलं, तेव्हा इंधनाची आग आपल्या दाराशी किती जवळ येऊ शकते ते सगळ्यांना कळलं. फोमशिवाय आपल्याला चालणार नाही. म्हणूनच कोणता फोम, हा प्रश्न महत्त्वाचा.

आता फ्लोरिन नसलेले फोम मिळतात. जुना डबा काढून नवा लावला की झालं, असं मात्र होत नाही. नवा फोम बहुधा जास्त दाट असतो, त्याचं पाण्याशी प्रमाण नीट राखावं लागतं, आणि तो इंधनात बुडेल असा जोरात न मारता एखाद्या भिंतीवरून किंवा कडेवरून हळुवार सोडावा लागतो. म्हणजे हाताची सवय पुन्हा घडवावी लागते. शिवाय जुन्या फोमचा अंश बंबाच्या टाकीत आणि नळ्यांत चिकटून राहतो; तो धुऊन काढायचा आणि ते धुवणही गटारात सोडायचं नाही.

हेच विष आधी जवानाच्या अंगात जातं

वर्गात प्रशिक्षणार्थींना माशांचं आणि विहिरींचं सांगून जेवढं पटेल, त्याहून जास्त या एका गोष्टीने पटेल. जुलै २०२२ मध्ये त्याच कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमन जवानाचा पेशाच कर्करोगकारक ठरवला, तोही पहिल्या गटात. कारण धुरात आणि काजळीत जे असतं ते गणवेशावर बसतं, मानेच्या घामातून कातडीत जातं, आणि तोच गणवेश बंबात टाकून परत आलं की केबिनमध्येही पसरतं. आगीच्या जागीच गणवेश पाण्याने आणि ब्रशने खळखळून काढणं, मास्क सर्वात शेवटी उतरवणं, मळके कपडे वेगळ्या पिशवीत बांधणं, घरी नेऊन न धुणं, हे सगळं शिकवायला तासभर पुरतो. अंगवळणी पडायला मात्र रोजचा सराव आणि वरिष्ठांचा आग्रह लागतो. काजळीने काळा झालेला गणवेश शौर्याची खूण म्हणून मिरवला जात असेल, तर ती समजूत सगळ्यात आधी मोडायला हवी.

सरावासाठी काय जाळायचं, तेही इथेच येतं. टायर, जुनं डिझेल, गाद्या, प्लायवूड पेटवले की आग भीषण दिसते आणि धूर दाट होतो, म्हणून ते सोपे वाटतात. पण प्लायवूडमधला गोंद, टायरमधलं रबर यांचा धूर नव्या मुलांच्या फुप्फुसांत जातो आणि राख मैदानात उरते. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं मानक प्रत्यक्ष आगीच्या सरावात रबर, प्लास्टिक, फोमच्या गाद्या असे पदार्थ वापरू देत नाही. स्वच्छ, रसायन न मारलेलं लाकूड आणि गवत वापरा असं सांगतं. गॅसवर चालणारे बर्नर आणि धूर करणारी यंत्रं वापरली तर आग बटणाने बंदही करता येते. होजच्या कवायतीचं पाणी तर टाकीतून घेऊन गाळून पुन्हा टाकीतच सोडता येतं. एप्रिल-मे महिन्यात काही वाड्यांवर टँकरने पाणी येतं, त्या दिवसांत कवायतीचं चांगलं पाणी रस्त्यावर वाहताना लोकांनी पाहू नये.

डोंगर, विहिरी, पडलेली झाडं

मार्च २०२३ मध्ये सत्तरीच्या डोंगरांत, म्हादई अभयारण्यात आगी लागल्या आणि नौदल-हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादल्यांनी पाणी टाकताना आपण पाहिली. पण वणवा बहुतेक जागी पायीच विझवावा लागतो: हिरव्या फांद्यांनी झोडपून, पाला फुंकणाऱ्या यंत्रांनी, जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी काढून. आपल्याकडची आग बहुतेक पाचोळ्यातून सरपटणारी असते आणि ती बहुधा माणसानेच, मुद्दाम किंवा बेफिकिरीने, लावलेली असते. म्हणून वणव्याच्या प्रशिक्षणात काजूच्या बागायतीत साफसफाई करून पाला पेटवणाऱ्या शेतकऱ्यांशी कसं बोलायचं, हा धडा पंपाइतकाच मोठा असायला हवा. ती माणसं डोंगराची शत्रू नाहीत. वारा कधी फिरतो हे त्यांना आपल्याहून जास्त माहीत असतं.

जाळरेषेबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मार्चमध्ये उतारावर सरळ वरून खाली खरवडलेली रेषा जूनच्या पावसात घळ बनते. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. आग विझल्यावर त्याच रेषेवर ठरावीक अंतराने तिरके, ठेंगणे मातीचे बांध घालून पाणी बाजूला काढून द्यायचं आणि वर पाचोळा परत पसरायचा. ते केल्याशिवाय वणव्याचं काम संपलं असं धरू नये. आगरोधक रसायनांबाबतही हात आखडताच बरा. त्यांत बहुधा अमोनियाची क्षारं असतात. अमेरिकेच्या वनसेवेने विमानातून ती टाकताना पाणवठ्यापासून ३०० फूट दूर राहण्याचा नियम केला आहे. आपले झरे आणि कुळागरांचे, म्हणजे पोफळीच्या बागांचे पाट याहून कितीतरी जवळजवळ आहेत.

बचावाच्या कामात लहान लहान गोष्टी असतात. विहिरीत पडलेलं जनावर काढायला पेट्रोलचा पंप आत उतरवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड खाली उतरलेल्या माणसाचा जीव घेतो, आणि सांडलेलं तेल पिण्याच्या पाण्यावर तवंग धरतं. बंबात फोम वापरून झाल्यावर पंप न धुता त्याची नळी विहिरीत सोडू नये. जलपर्णीच्या तळ्यातून काढलेली पंपाच्या नळीची गाळणी वाळवून, झटकूनच दुसऱ्या तळ्यात घालावी. पावसाळ्यात जवानांना दिवसरात्र पडलेली झाडं कापावी लागतात. त्या यंत्रकरवतीच्या साखळीला लागणारं तेल परत डब्यात येत नाही, सगळंच्या सगळं भुश्यासोबत जमिनीवर पडतं. वनस्पतीपासून बनवलेलं तेल त्यासाठी मिळतं, आणि झाडं ओढ्याकाठी कापायची असतील तर तेच वापरावं.

परीक्षा कशाची घ्यायची

घातक रसायनं बाळगणाऱ्या कारखान्यांना १९८९ च्या नियमांनी कारखान्याच्या आत दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम करणं बंधनकारक आहे, आणि कुंपणाबाहेरच्या आराखड्याची तालीम वर्षातून एकदा व्हायला हवी. या तालमींत सायरन वाजतो, लोक मैदानात जमतात, जखमी म्हणून झोपलेल्यांना स्ट्रेचरवर घेतात, वेळ नोंदवली जाते. प्रशिक्षणार्थींना तिथे नेऊन आणखी एक काम द्यावं. होजच्या पाण्यात खाण्याचा रंग मिसळायचा. दोघातिघांनी आगीकडे पाठ करून त्या पाण्यामागे चालत जायचं: कुठल्या गटारात शिरलं, रस्त्याखालून कुठे निघालं, कुणाच्या विहिरीजवळून गेलं, व्हाळाला किती मिनिटांनी लागलं. हे सगळं त्या केंद्राच्या नकाशावर तारखेसह उतरवायचं, आणि पावसाळ्यात पुन्हा करायचं, कारण तेव्हा उतार वेगळे वागतात. व्हाळापर्यंतची ती मिनिटं म्हणजेच खऱ्या आगीत बांध घालायला हातात असलेला वेळ. तेवढ्या वेळात गोण्या, ताडपत्री आणि माणसं त्या जागी पोचली तर प्रशिक्षणार्थी पास.